तलाक झाला म्हणता, मग कागद कुठे आहे?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या कामात तीन प्रश्न रोज विचारावे लागतात. घडलेल्या गोष्टीची नोंद कुठे आहे? ती कोणी केली? आणि ती कोणाला पाहता येते? हेच तीन प्रश्न आज मी घटस्फोटाला विचारणार आहे, आणि त्यासाठी तुम्हाला अमेरिकेतल्या काउंटी कोर्टाच्या खिडकीपर्यंत नेणार आहे.

अमेरिका कशाला, असं कोणी म्हणेल. पण आपल्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बहिणींमध्ये आता हाही एक प्रकार दिसतो. निकाह इथे झालेला, नवरा तिकडे नोकरीला. मुलगी काही महिने तिकडे राहून बाळंतपणासाठी माहेरी येते. हळूहळू फोन बंद होतात. मग एक दिवस व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो येतो. वर इंग्रजीत कोर्टाचं नाव, खाली सही, आणि सोबत मेसेज, 'आपला तलाक झाला आहे.' सासर म्हणतं विषय संपला. माहेर गप्प बसतं. खर्चाचा दावा लावायचा का, मुलाच्या पासपोर्टचं काय, पुन्हा निकाह करता येईल का, या कशाचंच उत्तर त्या फोटोत नसतं.

अशा बहिणीला माझं पहिलं सांगणं असतं की, फोटोवर विश्वासही ठेवू नकोस आणि रडतही बसू नकोस. तू त्या खटल्यातली पक्षकार आहेस. ती फाइल जितकी त्याची आहे तितकीच तुझी आहे. ती मागव.

आता कुठून मागवायची ते सांगतो. अमेरिकेत घटस्फोट हा राज्यांच्या कायद्याचा विषय आहे. सगळ्या देशाचे घटस्फोट एका जागी शोधता येतील असं सरकारी संकेतस्थळ नाही. 'पेसर' नावाची देशव्यापी यंत्रणा आहे, पण ती फेडरल कोर्टांची. घटस्फोट तिथे सापडत नाही. नोंद असते ती काउंटीत, आणि काउंट्या तीन हजारांहून जास्त आहेत. म्हणून पहिलं काम काउंटी नक्की करायचं. लग्न कुठे झालं याला इथे महत्त्व नाही, दावा कुठे लावला ते बघायचं. साधारणपणे दावा लावणारा जिथे राहतो तिथेच तो लावतो. टेक्सासमध्ये राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत नव्वद दिवस वास्तव्य लागतं. कॅलिफोर्नियात राज्यात सहा महिने आणि काउंटीत तीन. त्यामुळे नवऱ्याचा त्या वर्षीचा पत्ता हाच पहिला धागा.

दुसरं काम म्हणजे ऑफिस नक्की करणं. नावांनी फसू नका. कॅलिफोर्नियात हे काम सुपीरियर कोर्टाचं आहे. टेक्सासमध्ये कागद बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतात, इलिनॉयमध्ये सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट 'सुप्रीम कोर्ट' देतं. पण तिथे हे खालचं, पहिल्या पायरीचं कोर्ट आहे आणि फाइल काउंटी क्लार्क सांभाळतो. 'सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आता काही होणार नाही' असं सांगून कोणी घाबरवत असेल, तर हे लक्षात असू द्या.

तिसरं काम म्हणजे केस नंबर शोधणं. बऱ्याच काउंट्यांच्या संकेतस्थळावर नावावरून शोधता येतं. इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. संगणक माणूस शोधत नाही, अक्षरं शोधतो. शेख, सय्यद, मोहम्मद यांची इंग्रजी स्पेलिंगं किती प्रकारची होतात ते तुम्हाला माहीत आहे. पासपोर्टवर एकच नाव असेल तर अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. आणि कोर्टात ती बाई त्याच नावाने नोंदलेली असू शकते. तेव्हा पासपोर्टवरचं, व्हिसावरचं, निकाहनाम्यावरचं, माहेरचं आणि सासरचं अशी सगळी नावं घालून पाहा. नवऱ्याच्या नावानेही पाहा. एका स्पेलिंगला 'काही सापडलं नाही' असं आलं, तर त्याचा अर्थ केस नाही असा होत नाही.

आता मागायचं काय? कागद तीन प्रकारचे असतात आणि लोक तिन्हींची गल्लत करतात. पहिला दाखला. त्यात फक्त नावं, तारीख आणि ठिकाण. तो राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्याकडून मिळतो, पण सगळीकडे मिळत नाही. टेक्साससारखं राज्य १९६८ नंतरच्या घटस्फोटांसाठी फक्त पडताळणीचं पत्र देतं, आणि ते पत्र निकालाच्या प्रमाणित प्रतीची जागा घेत नाही. दुसरा कागद म्हणजे डिक्री. त्यात न्यायाधीशाचा हुकूम, मुलांचा ताबा, खर्च, मालमत्ता हे सगळं येतं. तिसरी, संपूर्ण फाइल.

पुन्हा निकाह करायचा, पासपोर्टवरचं नवऱ्याचं नाव काढायचं, व्हिसाच्या अर्जात आधीचं लग्न संपल्याचं दाखवायचं, तर डिक्रीची सर्टिफाइड कॉपी लागते. त्या कॉपीवर क्लार्कची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो. त्यातली लग्न प्रत्यक्ष संपल्याची तारीख नीट वाचा. कॅलिफोर्नियात समन्स बजावल्यापासून सहा महिने होईपर्यंत लग्न संपत नाही, निकालावर आधी सही झालेली असली तरी.

पण जिला काही न कळवता निकाल झाला, तिने डिक्रीवर थांबू नये. तिने संपूर्ण फाइल मागवावी, कारण तिच्या उपयोगाचा कागद फाइलमध्ये असतो. तो म्हणजे नोटीस बजावल्याचा पुरावा. नवऱ्याने शपथेवर काय सांगितलं? पत्नीचा पत्ता माहीत नाही असं लिहिलं का? तिकडच्या एखाद्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन काम भागवलं का? परदेशात समन्स बजावण्याचा हेग करार भारताला २००७ पासून लागू आहे. पत्ता माहीत असेल तर समन्स भारत सरकारच्या विधी आणि न्याय मंत्रालयामार्फत यायला हवं. थेट टपालाने पाठवण्याला भारताने हरकत नोंदवलेली आहे. हा रस्ता पाळला की नाही, ते फाइल सांगते. आणि उशीर करू नका. एकतर्फी निकालाविरुद्ध दाद मागायला मुदत असते. टेक्सासमध्ये जाहिरातीवरून बजावणी करून निकाल झाला असेल, तर योग्य कारण दाखवून दोन वर्षांच्या आत पुन्हा सुनावणी मागता येते.

अर्ज टपालाने करता येतो. दोघांची नावं, केस नंबर किंवा दाव्याचं साल, कोणता कागद हवा ते, ओळखपत्राची प्रत आणि शुल्क. कॅलिफोर्नियात साध्या प्रतीला पानामागे पन्नास सेंट पडतात, शिक्क्याचे पैसे वेगळे. अनेक ठिकाणी तिकडचाच चेक किंवा मनी ऑर्डर लागते, म्हणून ओळखीचं कोणी असेल तर त्याला पाठवणं सोपं पडतं. न्यूयॉर्कमध्ये मात्र घटस्फोटाची फाइल पक्षकार आणि त्यांचे वकील यांच्याशिवाय कोणाला पाहता येत नाही. तिथे नोटरी केलेलं अधिकारपत्र द्यावं लागेल. आणि इंटरनेटवर 'घटस्फोटाची नोंद मिळवून देतो' म्हणणाऱ्या खासगी साइटांना पैसे देऊ नका. त्यांच्या कागदावर कोर्टाचा शिक्का नसतो.

सर्टिफाइड कॉपी आली की त्या राज्याच्या सरकारकडून अपोस्टिल लावून घ्यायचं. तो शिक्का कशासाठी, हे कळायला एक निकाल उपयोगी आहे. १९९१ साली आपल्या सुप्रीम कोर्टापुढे नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी हा खटला आला. जोडपं हिंदू, लग्न तिरुपतीचं. नवऱ्याने मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टातून घटस्फोट आणला आणि दुसरं लग्न केलं. कोर्टाने म्हटलं की, तिथल्या डेप्युटी क्लार्कने प्रमाणित केलेली ही प्रत फोटोकॉपी आहे एवढ्यावरून बाद होत नाही. पण अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं प्रमाणपत्र तिच्यावर नाही, म्हणून ती पुराव्यात घेता येत नाही. तेव्हा कागद भारतातल्या कोर्टात वापरायचा असेल, तर आणखी कोणता शिक्का लागेल ते वकिलाला आधीच विचारून घ्या.

त्याच निकालात याहून मोठी गोष्ट आहे. पत्नी तिथे नीट हजर नव्हती, तिने ते कोर्ट मान्य केलं नव्हतं, आणि ज्या कायद्याने लग्न झालं त्यातल्या आधारावर घटस्फोट मिळाला नव्हता. म्हणून तो निकाल भारतात मान्य झाला नाही. हे सगळं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ वर उभं आहे, आणि ते कलम कोणाचा धर्म विचारत नाही. व्हॉट्सॲपवर आलेलं पान अखेरचा शब्द नसतं, ते यामुळे.

आता उलटी बाजू पाहा. अमेरिकेत राहणाऱ्या एका पाकिस्तानी जोडप्याचा खटला मेरीलँडमध्ये गाजला, अलीम विरुद्ध अलीम. पत्नीने माँटगोमेरी काउंटीच्या कोर्टात दावा लावला. तो चालू असताना नवऱ्याने वॉशिंग्टनच्या पाकिस्तानी वकिलातीत जाऊन तलाकनामा केला आणि कोर्टाला सांगितलं, घटस्फोट झालेला आहे, आता पेन्शनच्या वाटणीचा प्रश्नच उरत नाही. २००८ साली मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने हे फेटाळलं. पतीने एकट्याने उच्चारायचा आणि पत्नीला तोच हक्क नसलेला तलाक आमच्या राज्याच्या धोरणाविरुद्ध आहे, असं म्हटलं. तिला तिचा हक्क मिळाला, कारण तिचा दावा एका सरकारी दफ्तरात नंबर पडून नोंदला गेला होता.

आपल्याकडे काय आहे? १९६६ साली हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. मागणी तोंडी तलाक बंद करण्याची होती. २००२ साली औरंगाबाद खंडपीठात मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात सांगितलं की, 'मी पूर्वीच तलाक दिला' असं नुसतं लिहून चालणार नाही, तो सिद्ध करावा लागेल. २०१७ साली शायराबानो खटल्यात एका दमात दिलेला तलाक रद्द झाला, २०१९ साली तो गुन्हा ठरला. पण महिन्यामहिन्याने उच्चारलेला तलाक, खुला, मुबारात हे सगळं आजही घराच्या बैठकीत किंवा एखाद्या दफ्तरात उरकतं. कागद झालाच तर स्टॅम्पपेपरवर होतो, आणि बऱ्याचदा तो नवऱ्याकडे किंवा जमातीच्या कपाटात राहतो. बाईने दहा वर्षांनी नक्कल मागितली तर द्यायची कोणी? माझे तीन प्रश्न इथे अडतात.

कायद्यात वाट आहे. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ प्रमाणे वैवाहिक दर्जा जाहीर करून मागता येतो. १९३९ च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीला कोर्टातून घटस्फोट घेता येतो. २०२३ साली मद्रास हायकोर्टाने खासगी शरियत मंडळाने दिलेलं खुलाचं प्रमाणपत्र अवैध ठरवून त्या स्त्रीला कुटुंब न्यायालयाचाच रस्ता दाखवला. आज आपल्या कोर्टातल्या केसलाही सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर पडतो आणि तो मोबाइलवर पाहता येतो.

अमेरिका आदर्श आहे असं मी म्हणत नाही. फोटो पाठवून मोकळे होणारे नवरे तिथल्याच कोर्टांचा उपयोग करतात. पण तिथे एका खिडकीवर बाई आपल्या नावाने, नवऱ्याची, मौलानांची किंवा भावाची परवानगी न घेता कागद मागू शकते, आणि क्लार्कला तो द्यावा लागतो. आपल्याला ती खिडकी हवी आहे. कोर्टाबाहेर झालेल्या प्रत्येक घटस्फोटाची, कोणत्याही धर्माचा असो, सरकारी दफ्तरात सक्तीची नोंद व्हावी आणि दोघांनाही तिची नक्कल मिळावी, ही मागणी आपण लावून धरू या.

तोपर्यंत एवढं करा. सल्ल्याला येणाऱ्या प्रत्येक बहिणीला निकाहनामा, तलाकनामा किंवा डिक्री, आणि केस नंबर विचारा. यातलं जे नसेल ते मिळवण्याचा अर्ज त्याच दिवशी तिच्यासोबत बसून लिहा. इंग्रजी अर्ज आणि काउंटीचा शोध यासाठी माझ्यासारखी संगणकावर काम करणारी मंडळी आपल्यात आहेत. आम्हाला बोलवा.