मैत्रीभावना आणि तिचा क्रम



पर्युषणाची सांगता झाली की घरोघरी क्षमापनेची पत्रे रवाना होतात. व्याही, व्यापारातील स्नेही, दूरच्या गावचे आप्त. कोणी सुटू नये म्हणून याद्या केल्या जातात. परंतु ज्या सख्ख्या भावाशी दुकानाच्या वाटणीवरून वर्षानुवर्षे अबोला आहे, त्याचे नाव त्या यादीत क्वचितच आढळते. समस्त जीवांशी मैत्री उच्चारणे सोपे आणि त्या एका जीवाशी मैत्री साधणे दुष्कर, ही अडचण केवळ जैन घरांची नव्हे. श्रमण परंपरेच्या दुसऱ्या धारेने, म्हणजे बौद्ध आचार्यांनी, तिचा अत्यंत बारकाईने विचार केलेला आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाविहारात आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ रचला. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांना तेथे ‘ब्रह्मविहार’ म्हटले आहे. जैन श्रावकांना मैत्री, प्रमोद, कारुण्य व माध्यस्थ्य ही चतुष्टयी परिचित असल्याने ही नावे परकी वाटू नयेत. बुद्धघोषांचे वैशिष्ट्य असे की, ते मैत्रीची थोरवी सांगून थांबत नाहीत. ती कोणापासून आरंभावी व कोणापासून आरंभू नये, हेही ते सांगतात.

आरंभ शत्रूपासून करू नये. त्याचे स्मरण होताच क्रोधच जागा होतो. अतिप्रिय व्यक्तीपासूनही करू नये. तिला थोडेसे दुःख झाले तरी साधकाला रडू कोसळते आणि चित्त स्थिर राहत नाही. मृत व्यक्तीविषयी तर ही भावना करूच नये. प्रारंभ स्वतःपासून करावा. ‘मी सुखी असावे, वैररहित असावे’ असे चिंतन करताना मनाला उमगते की, जसे सुख मला हवे आणि दुःख नको, तसेच इतर सर्वांनाही आहे. हा स्वार्थ नव्हे. दुसऱ्याला मोजण्यासाठी हाती घेतलेले ते माप आहे. त्यानंतर गुरुजन, मग जिवलग मित्र, मग ज्याच्याविषयी राग नाही आणि लोभही नाही असा तटस्थ मनुष्य, आणि सर्वांत शेवटी वैरी. एका टप्प्यावर चित्त मृदू झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जावयाचे नाही.

वैऱ्यापाशी पोहोचल्यावर जुना राग उसळला तर काय करावे? आचार्यांनी एकामागून एक उपाय दिले आहेत, कारण एकाच उपायाने सर्वांचे काम होत नाही, हे ते जाणून होते. प्रथम मागे फिरावे आणि आधीच्या व्यक्तींवर पुन्हा मैत्रीचा अभ्यास करावा. त्याने न भागल्यास त्या माणसातील एखादा तरी गुण शोधावा. वाणी कठोर असेल, पण आचरण शांत असेल. पेटता निखारा दुसऱ्यावर फेकण्यासाठी उचलणाऱ्याचा हात आधी भाजतो, हे ध्यानी घ्यावे. क्रोध नेमका कोणावर, त्याच्या केसांवर की नखांवर, असेही स्वतःला विचारावे. आणि एवढे करूनही राग शमला नाही, तर त्याला काही द्यावे. चित्तलपर्वत विहारातील एका स्थविराने एका भिक्षूला त्याच्या निवासातून तीन वेळा उठविले होते. त्या भिक्षूने आपल्या मातेने दिलेले आठ कार्षापण किमतीचे भिक्षापात्र त्याच स्थविराला अर्पण केले, अशी कथा तेथे आहे. ध्यानाच्या ग्रंथात अखेरचा उपाय म्हणून दान यावे, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे.

या ग्रंथाचे देवनागरी संस्करण १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केले. त्याचे संपादक धर्मानंद कोसंबी हे १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेले मराठी पंडित. बुद्धवचनाच्या शोधात ते श्रीलंकेला व ब्रह्मदेशाला गेले. त्यांच्या काही लेखनावर, विशेषतः प्राचीन श्रमणांच्या आहाराविषयीच्या मतांवर, जैन समाजाने तीव्र आक्षेप घेतला होता, हे येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्याच कोसंबींनी ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हा ग्रंथ आदरपूर्वक लिहिला, आणि १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्राम येथे, सल्लेखनेचे स्मरण व्हावे अशा रीतीने, अन्नत्याग करून देह ठेवला. ज्याच्याशी मतभेद आहे त्याचा गुण पाहावा, या उपायाचा सराव करू इच्छिणाऱ्या जैन वाचकाला हे उदाहरण हाताशीच आहे.

गृहस्थाला आणखी एक सूचना उपयोगी पडेल. बुद्धघोष प्रत्येक भावनेचा एक दूरचा व एक जवळचा शत्रू सांगतात. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू राग, म्हणजे आसक्ती; ती मैत्रीचाच वेष घेऊन घरात वावरते. मुलाने आपल्या मनाप्रमाणे विवाह केला नाही म्हणून आटणारे प्रेम या दुसऱ्या जातीचे असते. करुणेचा दूरचा शत्रू हिंसा, तर जवळचा शत्रू शोक. रुग्णाच्या उशाशी बसून स्वतःच खचणारा नातेवाईक दयाळू असतो खरा, पण रुग्णाला आधार मिळत नाही.

अभ्यास पुरा झाला की नाही, याची परीक्षाही दिली आहे. साधक, त्याचा प्रिय, एक तटस्थ आणि एक वैरी असे चौघे बसले आहेत. दरोडेखोर येऊन बळीसाठी एकाची मागणी करतात. ‘वैऱ्याला न्या’ म्हणणारा अनुत्तीर्ण, हे कोणीही सांगेल. ‘या तिघांना सोडा, मला न्या’ म्हणणाराही आचार्यांच्या मते अनुत्तीर्णच. स्वतःचे अहित इच्छिणाऱ्याच्या मनातही अजून एक सीमा शिल्लक आहे. चौघांपैकी देण्याजोगा एकही ज्याला दिसत नाही, त्याच्याच सीमा मोडल्या. या अवस्थेला ‘सीमासंभेद’ असे नाव आहे.