राजमार्ग आणि शेजारधर्म

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगी वक्त्याने मंदिराविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु मंदिराचे गुणवर्णन माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथायोग्य केलेच आहे. तेव्हा ज्या वाटेने आपण त्या मंदिरात येतो त्या नगर-मनमाड रस्त्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मी मागतो.

हा रस्ता नगराहून उत्तरेस निघतो. राहुरीनजीक मुळा, कोल्हारास प्रवरा व कोपरगावास गोदावरी ओलांडून, येवल्यावरून तो मनमाडास पोहोचतो. नद्या पूर्वेकडे वाहतात आणि रस्ता उत्तरेकडे जातो. म्हणून निरनिराळ्या नद्यांच्या काठी वसलेल्या गावांची एकमेकांशी गाठ घालून देण्याचे श्रेय या रस्त्याकडेच जाते. बाभळेश्वरास त्याला एका अंगाने श्रीरामपूरची व दुसऱ्या अंगाने लोणी-संगमनेरची वाट येऊन मिळते. केंदळ, वळण, राहाता, संगमनेर, हरेगाव ही आपल्या मिशनची जुनी ठाणी या रस्त्याच्या दोहों बाजूंस विखुरलेली आहेत. सोयरीक जुळवावयाची असो, आजाऱ्यास दवाखान्यात न्यावयाचे असो, की सप्टेंबरात हरेगावी मतमाउलीच्या यात्रेस जावयाचे असो, आपल्यापैकी बहुतेकांचे पाऊल आधी याच रस्त्यावर पडते. आणि याच रस्त्याने शिर्डीस निघालेल्या साईभक्तांच्या पालख्याही जातात. रस्ता कोणाची जात पुसत नाही व कोणाचा धर्मही पुसत नाही.

बंधुहो, आपल्या मुलुखातील वाटा कोणाच्या घामाने झाल्या, याचे स्मरण अवश्य ठेवावे. सन १८७६ ते १८७८ च्या घोर दुष्काळात उपाशी माणसांच्या हातांनी दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम झाले व १८७८ साली त्यावरून गाडी धावू लागली. त्या दुष्काळानंतरच्या वर्षांत जर्मन येशूसंघीय धर्मगुरू या जिल्ह्यात खेडोपाडी हिंडू लागले आणि आपल्या पूर्वजांना शुभवार्ता मिळाली. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. या सभेत बसलेल्या कित्येक वृद्ध माता-पित्यांनी त्या वर्षी रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली आहे, सुकडी खाऊन दिवस काढले आहेत आणि मिलोच्या लाल भाकरीवर लेकरे जगविली आहेत. ज्या पिढीने खडी फोडली त्याच पिढीने आपल्या या धर्मग्रामाचा पाया घातला. म्हणून वाट आणि मंदिर या दोहोंकडे मी एकाच कष्टाची दोन फळे म्हणून पाहतो.

त्यानंतर काळ पालटला. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्याने प्रवरेचा काठ आधीच हिरवा केला होता. लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला. ऊस आला, पैसा आला आणि त्यांबरोबर वाहनेही आली. ज्या रस्त्यावर बैलगाड्या चालत, तेथे आज मालमोटारी, एस. टी., यात्रेकरूंच्या मोटारी, दुचाकी आणि उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर यांची रात्रंदिवस रीघ असते.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा भाग खुला झाला व २०२५ साली तो मार्ग पूर्णत्वास गेला. त्याची लांबी ७०१ किलोमीटर आहे. त्यावर दुचाकीस, रिक्षेस व ट्रॅक्टरास प्रवेश नाही. पायी चालणाऱ्यास तर नाहीच नाही. तेथे वेगाचे राज्य आहे. आपला जुना रस्ता मात्र सर्वांचा आहे. शाळेची मुले, डोक्यावर मोळी घेतलेली बाई व भरधाव मोटार ही तिन्ही तेथे एकाच वेळी असतात. हे त्याचे औदार्य होय, आणि हेच त्याचे संकटही होय. खड्डा चुकविताना दुचाकी घसरते. मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. अशा अपघाताने गेलेल्यांची प्रेतयात्रा ज्या घरातून निघाली नाही, असे घर या वस्तीत मोठ्या प्रयासानेच सापडेल.

अशा समयी प्रभू येशूने सांगितलेला शोमरोनी माणसाचा दृष्टान्त आठवल्यावाचून राहत नाही. तो दृष्टान्त देवळात वा घरात न घडता रस्त्यावर घडतो. यरुशलेमेहून यरीहोकडे जाणारी ती वाट सुमारे एक हजार मीटर खाली उतरत जाते. ती ओसाड आणि लुटारूंच्या भयाची होती. याजक पाहून गेला, लेवी पाहून गेला. त्यांच्या मनात दुष्टपणा होता, असे प्रभूने म्हटलेले नाही. कदाचित ते भ्याले असतील, कदाचित त्यांना उशीर होत असेल. शोमरोनी मात्र थांबला. त्याने जखमा बांधल्या, जखमी माणसास आपल्या जनावरावर बसविले आणि उतारशाळेचा खर्चही सोसला.

आज अपघात पाहून पुढे निघून जाणारा मनुष्य बहुधा पोलीस, साक्ष व कचेरी यांच्या भयाने जातो. परंतु ते भय बाळगण्याचे आता कारण उरलेले नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४-अ हे कलम घालण्यात आले व २०२० साली त्याखालील नियम झाले. सद्भावाने जखमीस साहाय्य करणाऱ्यावर त्या साहाय्याबद्दल दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. आपले नाव-गाव सांगण्याची त्यास सक्ती करता येत नाही आणि साक्षीदार होणे न होणे त्याच्या इच्छेवर असते. विशेष हे की, त्या कलमास कायद्याने प्रभूच्या दृष्टान्तातील त्या शोमरोन्याचेच नाव दिले आहे! ज्यांनी तो दृष्टान्त लहानपणापासून ऐकला, त्यांनीच मान फिरवून जावे, हे शोभेल काय?

म्हणून या महोत्सवी वर्षात तीन गोष्टी कराव्या, अशी माझी नम्र विनंती आहे. पहिली, प्रत्येक घरातील एका तरुण वा तरुणीने प्रथमोपचार शिकावा. रक्त कसे थांबवावे व मान न हलविता जखमीस कसे उचलावे, हे ज्ञान थोड्या दिवसांत येते. दुसरी, १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक शाळेतल्या पोरालाही मुखोद्गत असावा, कारण अपघातानंतरचा पहिला तास प्राणाच्या मोलाचा असतो. तिसरी, गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या युवकांनी धर्माचा भेद न करता वस्तीतील प्रत्येक ट्रॉलीस व बैलगाडीस परावर्तक पट्ट्या लावून द्याव्या. महोत्सवाची कमान चार दिवसांनी उतरेल. पण एका पट्टीने वाचलेला मनुष्य आपल्या लेकरांत परत जाईल.

पवित्र शास्त्रात पन्नासावे वर्ष हे आपापल्या वतनास व कुटुंबास परत जाण्याचे वर्ष म्हणून सांगितले आहे. या रस्त्याने सकाळी निघालेला प्रत्येक जण, तो कोणत्याही गावचा व कोणत्याही पंथाचा असो, सायंकाळी आपल्या उंबऱ्याशी सुखरूप परत यावा, यासाठी आपण झटलो तर आपली ज्युबिली खरी ठरेल. प्रवासात असताना बाळाला जन्म देणारी पवित्र मरियामाता सर्व वाटसरूंसाठी विनंती करो, आणि वाटेत थांबण्याचे धैर्य प्रभू आपणां सर्वांस देवो.