घरचं ताट आणि छोटं पोट

लोकलमध्ये उभे असाल, हेडफोन कानात असेल आणि शेजारी कोणी चकलीचा डबा उघडला असेल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी आहे.

विषय आहे बॅरिअॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करण्याचं ऑपरेशन. ऑपरेशन कसं होतं, खर्च किती, यावर व्हिडिओ भरपूर आहेत. आज आपण बोलणार आहोत त्यानंतरच्या गोष्टीवर: घरी आल्यावर घरच्या खाण्याचं काय करायचं?

माझं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली. माहेर कल्याणचं, सासर डोंबिवलीचं, ऑफिस ठाण्याला. म्हणजे खिडकी वडा, मामलेदारची मिसळ आणि कुंजविहारचा वडापाव, सगळं माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर. पण खरं सांगू? त्यांच्यासमोरून पुढे जाणं सोपं आहे. वडापाववाला कधी म्हणत नाही, "माझी शपथ, एक तरी खा." घरचे म्हणतात.

आधी थोडं पोटाबद्दल बोलू. मी डॉक्टर नाही, पण हे आपल्याला माहीत असायला हवं. माझी झाली ती स्लीव्ह सर्जरी. त्यात जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते एक केळ्याच्या आकाराची नळी, सुरुवातीला साधारण 100 ते 150 मिली मावेल एवढी. बायपासमध्ये तर जठराची पिशवी सुमारे 30 मिलीचीच ठेवतात, म्हणजे दोन मोठे चमचे. आणि अजून एक गंमत आहे. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. म्हणून पहिले काही महिने भूकच लागत नाही. लोक याला 'हनिमून पिरियड' म्हणतात.

आणि हनिमून कधी ना कधी संपतोच ना! वर्ष-दीड वर्षात बऱ्याच जणांची भूक थोडीफार परत येते. आणि पोट लहान झालं तरी वास तोच येतो, जीभ तीच असते, आठवणी त्याच असतात. तुपात परतलेल्या रव्याचा वास आला की पोटाला काही वाटो न वाटो, डोक्यात लगेच शिरा शिजायला लागतो.

आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे नितीन गडकरी. खवय्ये नागपूरकर! 2011 साली त्यांनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं. 2022 मध्ये उज्जैनच्या कार्यक्रमात त्यांनी तिथल्या खासदारांना वजन कमी करायचं आव्हान दिलं, एका किलोमागे हजार कोटींच्या विकासनिधीचं! तेव्हा ते म्हणाले की, आपलं वजन आधी 135 किलो होतं, आता 93 आहे. मला यातलं आव्हान नाही, मधली दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. ऑपरेशन काही तासांत उरकतं. पुढची वर्षं मात्र रोज ताटावर बसून काढायची असतात.

आता मुद्द्याचं. घरातला सगळ्यात मोठा धोका कोणता? तुम्ही म्हणाल पुरणपोळी. मी म्हणेन, फ्रीजवरचा फरसाणाचा डबा.

का ते सांगते. लहान पोटात अंडं, पनीर, चिकन, उसळ असं काही गेलं की ते थोडा वेळ टिकतं, चार घासांत पोट भरतं. पोळी-भात तर कधी कधी अडकल्यासारखाच वाटतो. पण शेव, चिवडा, चहात बुडवलेलं बिस्किट, आइस्क्रीम, आमरस हे सगळं सुळ्ळकन खाली उतरतं. पोट भरल्याची जाणीवच होत नाही. मालिका बघता बघता अर्धा डबा संपू शकतो, आणि पोट एका शब्दाने तक्रार करत नाही. वजन परत चढतं ते असं, मुठीमुठीने.

गोडाची भानगड वेगळी. विशेषतः बायपास झालेल्यांना जास्त साखर खाल्ली की 10 ते 30 मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळा, चक्कर, जुलाब असा त्रास होऊ शकतो. याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर उतरून हातपाय थरथरतात. स्लीव्हवाल्यांनाही हे होऊ शकतं, पण प्रमाण कमी. आणि कित्येकांना काहीच होत नाही! त्यामुळे 'त्रास होईल म्हणून मी आपोआप खाणार नाही' या भरवशावर राहू नका.

आता माणसांकडे येऊ. मला दोन आया. कल्याणची 'अगं आई' आणि डोंबिवलीची 'अहो आई'. दोघींचं प्रेम पातेल्यातूनच येतं. "एवढंच? चिमणीसुद्धा याहून जास्त खाते गं." "सणाच्या दिवशी नाही म्हणू नये." "एवढंसं उरलंय, वाया जाईल, संपवून टाक." यातलं एकही वाक्य वाईट हेतूने आलेलं नाही. त्यामुळेच त्यांना नाही म्हणणं अवघड.

ऑपरेशननंतर सहा-सात महिन्यांनी आईने ताटात वाढलेली खीर मी बाजूला सरकवली. ती चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "मग आता मी तुझ्यासाठी करू तरी काय?"

मंडळी, हा प्रश्न खिरीचा नव्हता. तीस वर्षं तिने मला माया दिली ती वाटीतून. आजारी पडले तर मऊ भात, पास झाले तर शिरा, रडले तर गुळपोळी. मी वाटी नाकारली, की तिच्या हातात काही उरतच नव्हतं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की 'मला आग्रह करू नकोस' एवढं सांगून भागणार नाही. तिला दुसरं काम द्यायला हवं.

म्हणून मी तिला म्हटलं, "तू माझं प्रोटीन सांभाळ." दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रोटीन लागतं आणि एका अंड्यात मिळतं जेमतेम 6 ग्रॅम. म्हणजे हे काम काही छोटं नाही! आता माहेरी गेले की मुगाचं धिरडं, मऊ शिजवलेली मटकी, घरचं पनीर, पातळ तिखट अंडाकरी असं काहीतरी तयार असतं. आणि संध्याकाळी आम्ही दोघी काळ्या तलावाला फेऱ्या मारतो. आधी स्वयंपाकघरात व्हायच्या त्या गप्पा आता चालता चालता होतात.

अहो आईंशी मी वेगळ्या तऱ्हेने बोलले. त्यांना 'डाएट' हा शब्द आवडत नाही, 'डॉक्टरांनी सांगितलंय' हा पटतो. म्हणून फॉलोअपला त्यांनाच सोबत नेलं. आहारतज्ज्ञांनी सगळं त्यांच्यासमोर सांगितलं, आणि त्या दिवसापासून पाहुण्यांना "तिला आग्रह करू नका हं" असं त्याच सांगतात!

बाकी, आमच्या घरात उपयोगी पडलेल्या गोष्टी पटापट सांगते.

फरसाण घरात येतं, बाकीच्यांनी काय पाप केलंय? पण ते स्टीलच्या डब्यात, वरच्या फळीवर. पारदर्शक बरणीत, ओट्यावर नाही.

ताटाऐवजी छोटी बशी. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भात-पोळी. घास बारीक, चावणं भरपूर. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही.

उरलेलं अन्न 'संपवायचं' काम माझ्याकडे नाही. ते फ्रीजमध्ये जातं, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या थालीपिठात.

उपवास मी धरत नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वेफर्स यांत प्रोटीन फारसं नसतंच. तुम्हाला धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सण? सणाला मी पदार्थ निवडते. गणपतीत एक उकडीचा मोदक, तोही जेवणानंतर नाही, वेगळा, सावकाश, सगळ्यांबरोबर बसून. मला एवढं गोड सोसतं. तुमचं तुम्ही डॉक्टरांना विचारून ठरवा. दिवाळीत पहाटे फडके रोडवर मित्रमैत्रिणींना भेटायला जाते, फराळाची ताटं फिरत असतात त्या वेळी घरात बसून राहत नाही.

नाही म्हणायची वाक्यंही तयार ठेवा. "नको" म्हटलं की आग्रह सुरू होतो. "वास काय सुंदर आलाय! आत्ता पोट भरलंय, माझा एक डब्यात ठेवा" म्हटलं की करणाऱ्याचा मान राहतो आणि विषय संपतो. तो डबा नंतर कोण खातं, ते कोणी विचारत नाही!

दोन गोष्टी गंभीरपणे. बी-12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभराच्या आहेत, 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद करू नका. आणि सतत उलट्या होत असतील, पाणीही पोटात राहत नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट डॉक्टरांना गाठा.

आणि तुमच्या घरात कोणाचं हे ऑपरेशन झालं असेल, तर हा भाग त्यांच्यापेक्षा घरच्यांना ऐकवा. ताटात वाढण्याआधी एकदाच विचारा, "तुला आत्ता काय चालेल?" एवढं विचारलंत तरी त्या माणसाचा निम्मा भार हलका होतो.

पुढच्या भागात बोलू ऑफिसच्या वाढदिवसांच्या केकबद्दल. तोपर्यंत सावकाश जेवा, भरपूर चाला. भेटूया!