विद्यार्थ्यांचा चारा



जर्मनीत शिकावयास गेलो त्या पहिल्याच हिवाळ्यात आमच्या घरमालकीणबाईंनी बदाम, अक्रोड आणि मनुका यांची एक पुडी आमच्या हातावर ठेवली. वर शब्द होता 'श्टुडेंटनफुटर'. आम्ही कोश उघडला. 'फुटर' म्हणजे गुरांचा चारा! माणूस खातो ते 'एसन' आणि जनावर खाते ते 'फ्रेसन', इतका भेद पाळणाऱ्या भाषेने आम्हांला दावणीला बांधावे, याचा भारी राग आला. बाईंचे आभार मानले नाहीत. पुडी मात्र रात्रीच संपली.

राग अडाणीपणाचा होता. समास सरळ षष्ठी तत्पुरुष. शब्द सतराव्या शतकापासूनचा. त्या काळी तिकडे बदाम महाग. तो खिशात घेऊन हिंडणे साध्या कारागिराला परवडणारे नव्हते. विद्यापीठात जाणारी मुले बहुधा खात्यापित्या घरची. तेव्हा नावात थट्टा आहे, पण ती चैनीची, दारिद्र्याची नव्हे. दुसरेही एक कारण सांगतात. बदाम खाल्ल्यावर मद्य चढत नाही, ही समजूत फार जुनी. ड्रूससच्या पंगतीतला एक वैद्य पिण्याआधी पाचसहा कडू बदाम खाई, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. विद्यार्थी आणि बिअर यांचे सख्य पाहता हे कारण अगदीच टाकवत नाही. पण औषधाला चारा कोण म्हणेल? आमचा कौल पहिल्याला. डच आणि डॅनिश लोक तर याच खाऊला 'विद्यार्थ्यांचे ओट' म्हणतात, म्हणजे चक्क घोड्याचा खुराक!

आता 'फुटर'. याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे मूळचा 'प' जर्मन कुळात 'फ' होतो. संस्कृत 'पाद' तो त्यांचा 'फूस', 'पञ्च' ते 'फ्युन्फ'. 'फुटर'मधला 'फ' असाच मागे नेला की चारणे, पोसणे या अर्थाचा 'पा' धातू हाती लागतो. त्याच धातूपासून लॅटिनात चाऱ्याला 'पाबुलुम' आणि भाकरीला 'पानिस'. या 'पानिस'चेच पोर्तुगीज रूप गोव्याच्या किनाऱ्याला लागले आणि आपल्या घरात 'पाव' होऊन बसले. ज्या शब्दावर आम्ही रुसलो, त्याचा भाऊबंद आम्ही लहानपणापासून चहात बुडवून खात होतो!

आणि आमची आई? "दिवसभर काय चरतोस रे?" म्हणून ओरडायची आणि त्याच हाताने शेंगदाण्यांची मूठ पुढे करायची. त्या रात्री हे आठवले नाही. आठवले तेव्हा ते घर सोडून वर्ष लोटले होते. आम्ही बाईंना पत्र घातले.