ओळखपरेड

श्रोतेहो, आपल्या मराठीनं ‘किडा’ या शब्दावर फार अन्याय केला आहे. धान्याला कीड लागते, दात किडतो, नको तो विचार आला की डोक्यात किडा वळवळतो. माणसाला तुच्छ ठरवायचं असेल तर त्याची किंमत आपण किडामुंगीएवढी करतो. शब्दांशी रोजचा संबंध असल्यामुळे मला हे जाणवतं, की एखादं नाव सतत वाईट अर्थानंच वापरलं, की त्या नावाच्या सगळ्यांनाच शिक्षा होते. कुंडीतल्या पानावर काही हललं की आपला हात चपलेकडे नाहीतर औषधाच्या बाटलीकडे जातो. आलेला पाहुणा आहे की चोर, एवढंही आपण विचारत नाही.

मी काही कीटकशास्त्रज्ञ नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. पण मिरजेतल्या आमच्या घरामागे दोन खाटांएवढी परसबाग आहे, आणि कृषी पदवीधर असलेल्या एका मित्रानं तिथं बसून मला बरंच दाखवलं आहे. त्यातलं थोडं आज तुम्हाला सांगतो.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. शेजारच्या काकूंनी कुंपणावर चवळीचा वेल चढवला होता. त्यांची अडीच वर्षांची नात येता-जाता कोवळी शेंग तोडून तशीच तोंडात घालायची. एका सकाळी काकूंनी हाक मारली, “भाई, बघा हो काय झालंय माझ्या चवळीला!” शेंड्यांवर काळा मावा दाटला होता. मावा म्हटलं की कुणाला मिठाई आठवते, कुणाला पानपट्टी. हा मावा म्हणजे कोवळ्या शेंड्याचा रस शोषणारी मोहरीएवढी कीड. त्या माव्यात काळपट, लांबट, सहा पायांच्या, अंगावर फिकट ठिपके असलेल्या अळ्या भराभरा फिरत होत्या. मगरीचं पिल्लू नखाएवढं केलं तर जसं दिसेल, तशा. काकूंना माव्यापेक्षा त्यांचीच भीती वाटली. पंप भरून तयार होता.

त्या अळ्या म्हणजे ढालकिड्याची पोरं. ढालकिडा तुम्ही पाहिलेला आहे: अर्ध्या मसुराएवढा, गोल पाठीचा, चकचकीत, लाल-पिवळा, काळ्या खुणांचा. शेतीची माणसं त्याला लेडीबर्ड भुंगेरा म्हणतात. मोठा झाल्यावर सगळ्यांना आवडतो. लहानपणी मात्र कुणी ओळखत नाही, आणि माव्याचा फडशा पाडतो तो तेव्हाही. मी काकूंना म्हटलं, “चार दिवस थांबा, पोरगी शेंगा कच्च्या खातेय.” त्या कुरकुरत थांबल्या. पाचव्या दिवशी मावा संपला नव्हता, पण निम्म्याहून कमी झाला होता. दोन शेंडे वाळले ते वाळलेच. बाकी वेल वाचला, आणि पोरीची शेंग बिनविषारी राहिली.

मग ओळखायचं कसं? पहिली खूण घोळक्याची. झाडाचा रस पिणारे बहुधा दाटीवाटीनं, एका जागी बसलेले असतात. मावा तसाच, कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूणही तसाच. शिकारी एकटादुकटा हिंडतो. दुसरी खूण चालीची. ज्याचं ताट समोर वाढलेलं आहे त्याला घाई नसते. ज्याला शिकार शोधायची आहे तो धावतो. या दोन्ही खुणांना अपवाद आहेत. तुडतुडे रसच पितात, पण उड्या मारण्यात पटाईत असतात. म्हणून तिसरी खूण महत्त्वाची: किडा काय खातो आहे ते डोळ्यांनी बघा. एक भिंग आणि रात्रीसाठी बॅटरी, एवढं पुरतं.

काही चांगल्या खुणा लक्षात ठेवा. पानावर केसासारख्या बारीक देठांच्या टोकाला पांढुरकी अंडी दिसली तर बुरशी समजून पुसू नका. नाजूक हिरव्या, जाळीदार पंखांच्या क्रायसोपाची ती अंडी आहेत आणि त्याची अळी माव्याची वैरीण आहे. माव्यातच एखादा दाणा फुगलेला, सोनेरी-तपकिरी, न हलणारा दिसला तर समजा, एका इवल्याशा गांधीलमाशीनं त्याच्या पोटात अंडं घातलं होतं. फुलापुढे हवेत स्थिर तरंगणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी दिसली तर घाबरू नका. तिला नांगी नसते. ती सिरफिड माशी, आणि तिच्या बिनपायांच्या अळ्यांपैकी कितीतरी माव्यावरच वाढतात.

आता फसवणारे. वांग्यावर एक भुंगेरा येतो, अगदी ढालकिड्यासारखा. आहेही त्याच कुळातला, पण शाकाहारी! अंगावर अठ्ठावीसपर्यंत ठिपके, रंग विटकरी, आणि बारीक लव असल्यामुळे चकाकी नाही. त्याची अळी पिवळी, काटेरी. दोघं मिळून पान असं खरवडतात की नुसती जाळी उरते. यांना हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकावं.

नावंही फसवतात. जाळ्यातला कोळी आपला राखणदार. पण पानामागे सुईच्या टोकाएवढा जो ‘लाल कोळी’ असतो, तो पानाचा रस पितो. गोम चावते, तिला हात लावू नये, पण ती मातीतल्या किड्यांची शिकार करते. तिच्यासारखाच दिसणारा, हात लावताच नाण्यासारखी गुंडाळी करणारा पैसा मुख्यतः कुजलेला पाला खातो. आणि गोगलगाय? तिच्या पोटात पाय आहेत हे आपल्या पूर्वजांनी सांगूनच ठेवलं आहे. रात्री रोपं खाते, सकाळी मागे चकाकती रेघ सोडते.

काही मंडळी ना शत्रू ना मित्र. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पानं खाते हे खरं. पण पुढे तिचंच फुलपाखरू होतं. रोप लहान असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर ठेवा. झाड मोठं असेल तर चार पानं तिच्या नावावर करा.

इतकी चौकशी कशाला, फवारलं की झालं, असं कुणी म्हणेल. अडचण अशी की सरसकट मारणाऱ्या औषधानं मित्रही मरतात. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते, आणि आठवड्या-दीड आठवड्यात ती पिल्लंही वितात. शिकारी इतक्या वेगानं वाढत नाही. म्हणून फवारणीनंतर आधी परततो तो शत्रू, आणि त्याला अडवायला कुणी नसतं.

आमच्या सांगली भागानं हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. 2002 साली इथल्या उसावर लोकरी मावा आला. पानामागे जणू कापूस पिंजून ठेवलेला. डोक्यावर गेलेल्या उसात शिरून फवारणी करणं महाकठीण. अखेर तो आटोक्यात आणण्यात मोठा वाटा होता डिफा आणि मायक्रोमस या दोन कीटकांच्या अळ्यांचा. उसावर अळी दिसली आणि ती दोस्त निघाली! दुसरी बाजूही विसरू नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेताचे प्रश्न परसबागेपेक्षा फार मोठे आहेत. पण निदान आपल्या दहा कुंड्यांसाठी तरी विष घरात आणायची गरज नाही.

त्याऐवजी काय करायचं? मावा दिसला तर आधी त्यात शिकारी आहेत का बघा. नसतील तर पाण्याचा जोराचा फवारा मारा, किंवा बोटांनी चिरडून टाका. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर त्या कुठं जातात ते पाहा. माव्यातून पाझरणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकतात. ही रांग आधी तोडा. आणि कोथिंबिरीची, शेपूची एखादी जुडी न खुडता फुलावर येऊ द्या. त्या बारीक फुलांतल्या मधावर सिरफिड माशा आणि इवल्या गांधीलमाश्या जगतात. राखणदारांना पगार द्यावा लागत नाही, पण जेवण तरी द्यावं लागेल ना!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)