धुरी द्यायची, पण बाळाला नाही

उत्रोलीच्या बचत गटातून आम्ही बोलतोय. आज विषय आहे धूप आणि ऊद.

लेक बाळंतपणाला आली की आपण आधी शेगडी काढतो. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वेखंड, धूप, ऊद टाकून ती बाजेखाली सारतो. आमच्या आया-सासवांनी हेच केलं, आम्हीही केलं.

धूप, ऊद म्हणजे झाडाचा चीक. सालीला जखम झाली की तो बाहेर येतो आणि वाळून त्याचे खडे होतात. धुपाचं झाड आपल्या सह्याद्रीत आहे, सालई सातपुड्यात. ऊद येतो पार सुमात्रा बेटाकडून. या खड्यांत औषधी गुण आहेत, हे खरंच. उदाचं टिंक्चर लावलं की जखमेवरची पट्टी घट्ट बसते. गरम पाण्यात त्याचे थेंब टाकून मोठी माणसं वाफ घेतात. सालईच्या अर्काने गुडघेदुखी कमी झाल्याचं काही चाचण्यांत दिसलंय. पण गुग्गुळाच्या गोळ्या गरोदरपणी नकोत. थायरॉइडचं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

मात्र खडा जाळला की उरतो धूर, चुलीच्या धुरासारखाच. शिवाय निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. तान्हं बाळ मिनिटाला चाळीसएक श्वास घेतं, आपण पंधरा-सोळा. बंद खोलीत सगळ्यात जास्त त्रास त्यालाच.

गेल्या पावसाळ्यात गटातल्या एकीने दार-खिडकी लावून धुरी दिली. नातू खोकायला लागला, दूध ओढेना. आशाताईंनी आधी त्याला बाहेर आणलं, मग दवाखान्यात पाठवलं. बाळ वाचलं. आजी अजून ती रात्र आठवून रडते.

तेव्हापासून आम्ही ठरवलंय, बाळाच्या खोलीत शेगडी नाही. ऊब हवी तर बाळ आईच्या उघड्या छातीशी घ्या, डोक्याला टोपडं घाला, वरून गोधडी पांघरा. आईची कंबर गरम पाण्याच्या पिशवीने शेका. धूप दाखवायचाच तर तिन्हीसांजेला अंगणात. बाळाचा श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा ते दूध पिईना, तर थांबू नका, १०८ला फोन लावा.

घरात वाद नको. सासूला एवढंच सांगा, "आत्याबाई, तुमची माया हवी, धूर तेवढा नको."