फाइलमधली इंग्रजी अक्षरं

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



गटाच्या वहीत हप्ता किती, व्याज किती, शिल्लक किती हे वाचून दाखवल्याशिवाय आपण सही करत नाही. मग दवाखान्याची फाइल तशीच पिशवीत का ठेवतो? इंग्रजीत आहे म्हणून? अहो, त्यातली नेहमीची अक्षरं मोजकीच आहेत.

आधी गोळ्यांची चिठ्ठी बघू. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. एचएस म्हणजे रात्री झोपताना. एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. दुखण्याच्या गोळीपुढे एसओएस असेल तर ती रोज घ्यायची नाही. पोटाला, किडनीला अपाय होऊ शकतो. बीपीची गोळी मात्र बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही.

आता रिपोर्ट. एचबी म्हणजे हिमोग्लोबिन. बाईचं ते १२ च्या खाली नको, गरोदरपणी ११ च्या खाली नको. ७ च्या खाली गेलं तर लगेच दवाखाना गाठायचा. गरोदर बाईचं बीपी १४०/९० किंवा जास्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

एलएमपी म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. तिथून २८० दिवस मोजले की येते ती ईडीडी, म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख. म्हणून पाळीची तारीख नर्सबाईंना नीट सांगा.

सगळ्यात फसवे शब्द पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. एचआयव्ही, कावीळ अशा तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे आजाराची खूण सापडली. एनआर म्हणजे नॉन रिअ‍ॅक्टिव्ह, सापडली नाही. रक्तगटापुढचं निगेटिव्ह हा आजार नव्हे. पण सुनेचा किंवा लेकीचा गट निगेटिव्ह असेल, तर डॉक्टरांना आठवण करून द्या. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन लागतं. ते राहिलं तर पुढच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसू नका. विचारणं आपला हक्क आहे. एकटीला भीती वाटली तर आशाताईंना सोबत न्या.

पुढच्या बैठकीला न कळलेलं एकेक अक्षर घेऊन या. फाइल कुणाला दाखवायची नसेल, तर तेवढं अक्षर कागदावर उतरवून आणा. मिळून वाचू.